कडीवरचे तीन अंगठे

१

खोलीत एक पलंग, एक वेताची खुर्ची, एक लोखंडी शेगडी, दोन खिडक्या, भिंतीवरचं एक घड्याळ आणि अकरा वह्या होत्या. शेजारच्या स्वयंपाकघरात एक ओटा, गॅसच्या दोन चुली, सदतीस रिकामे डबे आणि छताजवळ हवा बाहेर फेकणारा एक पंखा. दोन खोल्यांमध्ये चौकट होती, दार नव्हतं. दोन्ही खिडक्यांच्या चौकटींना चहूबाजूंनी फटी बुजवायला लोकरीच्या जाड नमद्याची नवी पट्टी चिकटवलेली. शेगडीत दोन मुठी राख आणि न जळलेल्या कोळशाचे नऊ तुकडे. तिची नळी मागच्या भिंतीत शिरत होती. त्या भिंतीतून वर जाणारे धुराचे नळ पाच, पण गच्चीवर त्यांची तोंडं चारच.

खुर्चीत बसणाऱ्या बाईंना आठ दिवसांपूर्वी, गुरुवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तिथून मृतावस्थेत उचललं होतं. बाई म्हणजे एकतीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या मास्तरीणबाई. घरातही त्यांना सगळे बाईच म्हणत, सूनसुद्धा. रक्ताच्या तपासणीत कार्बन मोनॉक्साईड निघाला होता. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि कोळसा मंद जळत असला तर धूरही दिसत नाही.

चौकशी अधिकाऱ्यांना दाब मोजायचं यंत्र हवं होतं. ते आमच्या प्रयोगशाळेत होतं, म्हणून यंत्राबरोबर मी आले. आम्ही एरवी कारखान्यांच्या धुराचे नमुने तपासतो.

जिन्यातच मी त्यांना सांगितलं, "साहेब, ज्या धुरांडेवाल्यांचा परवाना तुम्ही रोखून ठेवलाय, ते माझे वडील."

साहेब दोन पायऱ्या वर होते. तिथूनच वळून बघितलं त्यांनी. "मग कशाला आलात?"

"यंत्र दुसऱ्या कुणाला चालवता येत नाही."

"ठीक आहे. तुमचा शब्द मी धरणार नाही. आकडा मी स्वतः वाचणार."

मी खोलीतली मोजणी सुरू केली. शेगडीजवळच्या खिडकीची पितळी कडी बघताना हात थांबला. कडीवर काजळीचे तीन ठसे होते, एकावर एक, थोडे सरकलेले. तिन्ही डाव्या अंगठ्याचे. त्या अंगठ्याला टोक नव्हतं.

तो अंगठा मी लहानपणी धरून चालायला शिकले होते.

२

"आलाच नसेल तो काजळ्या!" बाईंचा मुलगा चौकटीला टेकून उभा होता. दाढी आठ दिवसांची. "आई म्हणायची तीनदा आला. कोणी पाहिलं? मी कामावर, ही डबे पोचवायला. खालच्या खाली सही ठोकली आणि गेला असेल. आणि आता स्वतःच्या पोरीला पाठवलंय निस्तरायला!"

"तुम्हाला काही विचारलं का?" साहेब म्हणाले.

"विचारायला कशाला पाहिजे? माझी आई गेलीय."

मी साहेबांना कडी दाखवली. "ते आले होते. तीनदा. डाव्या अंगठ्याचं टोक एका लोखंडी झाकणाखाली गेलंय त्यांचं. तुम्ही त्यांचा जबाब घेतलाय, हात पाहिला असेलच."

साहेबांनी चष्मा वर करून ठसे बघितले. मग भिंग काढलं, पुन्हा बघितले. "आले होते," ते म्हणाले. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. माणूस मेलेल्या खोलीत आनंद होणं बरं दिसत नाही, म्हणून मी खाली बघत राहिले.

साहेबांनी फाइलमधून तपासणीपत्र काढलं. धुरांडं साफ केलं की असं पत्र देतात. त्यात दहा रकाने असतात: नळ मोकळा आहे, जोड घट्ट आहेत, झाकण जागेवर आहे, असे. दहाही रकान्यांत हिरव्या शाईच्या टपोऱ्या खुणा होत्या. खाली निळ्या शाईत शेरा: 'झडप गंजून अर्धी उघडी अडकली आहे. नवी बसवावी.' त्याखाली बाबांची वळवळती सही.

"आम्ही कालच नळात ब्रश घालून पाहिला," साहेब म्हणाले. "वरपासून खालपर्यंत साफ. आरसा धरला तर आभाळ दिसतं. म्हणजे तुमच्या वडिलांचं काम चोख." ते थांबले. "धुरांडं मोकळं, शेगडी धड. तरी गॅस खोलीत आला. मग तो आणला कुणी?"

बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. ते स्वयंपाकघराकडे बघत होते. तिथे सून सदतीस डब्यांची झाकणं पुसत होती. आठ दिवसांत एकही डबा गेला नव्हता, तरी पुसत होती.

३

"पटत नव्हतं आमचं," सून सरळ म्हणाली. "लपवून काय करू? अख्ख्या जिन्याला ठाऊक आहे. मी तळायला घेतलं की त्यांना वास यायचा. खिडकी उघडली की थंडी वाजायची. बंद केली की जीव घुसमटायचा. म्हातारपण म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं."

"त्या दिवशी भांडण झालं होतं?" साहेबांनी विचारलं.

"रोज व्हायचं. त्या दिवशी कमी झालं. मंगळवार, गुरुवार, शनिवार माझे डबे असतात. संध्याकाळच्या पाळीचे. दोन वाजता मी निघाले. म्हटलं, बाई, जाते. त्या म्हणाल्या, जा, डोकं जड झालंय माझं."

"आणि जाताना शेगडीची झडप फिरवलीत."

झडप म्हणजे शेगडीच्या नळीत बसवलेली पत्र्याची चकती. ती आडवी फिरवली की धुराची वाट बंद होते. साहेबांचा तर्क सोपा होता: जाताना बंद करायची, चारला आल्यावर उघडायची. बाकीचं काम कोळसा करतो.

सुनेनं हातातलं झाकण खाली ठेवलं. "मी? अहो, गेल्या हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला तेव्हा चाळीस दिवस उशाशी कोण होतं, विचारा त्यांच्या लेकाला."

लेक खिडकीबाहेर बघत होता.

मी शेगडीशी बसले. झडपेच्या दांड्याभोवती गंजाचं एक सलग कडं होतं, दांड्यापासून नळीपर्यंत. दांडा केसभर जरी फिरला असता तरी ते तडकलं असतं. मी टॉर्च धरला. साहेबांनी भिंगातून बघितलं.

"ही झडप कित्येक महिन्यांत हललेली नाही," मी म्हटलं. "शेऱ्यातही तेच आहे. अर्धी उघडी. एवढी वाट या शेगडीला पुरते."

"म्हणजे वरून कोणी बोळा कोंबला आणि नंतर काढला. गच्चीची किल्ली कुणाकडे असते?"

"आमच्याकडे," सून म्हणाली. "आणि वरच्या घड्याळजींकडे."

मला आणखी एक गोष्ट दिसली होती. शेगडीच्या पुढच्या दाराच्या वर, लोखंडावर, काजळीची जीभ उमटली होती. टोक खोलीकडे. शेगडीत खोलीतली हवा नेहमी आत ओढली जाते, मग काजळी बाहेर का? मी ती मोजली. लांबी चौदा सेंटिमीटर. बोळ्यानं एका दुपारीत एवढी होत नाही. ती थरांवर थर चढून झालेली होती, बऱ्याच दिवसांची.

"त्या दिवशी परत आलात तेव्हा सगळ्यात आधी काय केलंत?" मी सुनेला विचारलं.

"आधी?" ती विचारात पडली. "आधी पंखा बंद केला. सवयच आहे. मग बाईंकडे वळले."

४

वरच्या मजल्यावरचे घड्याळजी डोळ्याला भिंग लावूनच दार उघडायला आले. एक डोळा माशासारखा मोठा दिसत होता.

"पाचवा नळ ना? माझा आहे. विहिरीत पडलेल्या मांजरासारखा ओरडायचा वाऱ्यात. दोन वर्षांपूर्वी वरून विटा लावून बंद करून घेतला."

साहेब सरसावले. "आणि तुमच्या न्हाणीघरातल्या बंबाचा धूर?"

"तो वेगळ्या नळात जातो, साहेब. मी घड्याळं दुरुस्त करतो, माणसं नाही मारत. मारायचंच असतं तर आधी तो पंखा मारला असता."

तरी आम्ही तपासलं. मी त्यांच्या बंबाच्या नळात दाट पांढरा धूर सोडणारी कांडी पेटवली, आणि साहेब खाली बाईंच्या खोलीत नाक लावून बसले. दहा मिनिटं काही नाही. दोन नळांमधली भिंत शाबूत होती.

"पंखा मारला असता म्हणजे?" मी विचारलं.

"तो मेला सुरू झाला की माझं टेबल थरथरतं. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरलेली, आणि खाली घूं घूं घूं! आठवड्यातून तीन दिवस. मी वेळ लिहूनच ठेवतो, उद्या सोसायटीपुढे तक्रार करायची म्हणून." त्यांनी भिंतीवरचा कागद दाखवला. "त्या गुरुवारी साडेअकराला सुरू, चार दहाला बंद."

"सूनबाई तर दोनला गेल्या होत्या," साहेब म्हणाले.

"पंखा नाही गेला. मी खाली जाऊन बाईंना म्हटलं पण, बाई, बंद करा हो. म्हणाल्या, राहू दे, जीव घुसमटतोय, जाऊ दे काय असेल ते बाहेर. मग मी काय करणार? मास्तरीणबाईंशी वाद घालणारा अजून जन्मायचाय." घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग काढलं. आता दोन्ही डोळे सारखे, ओलसर. "जन्मायचा होता," ते म्हणाले.

जिना उतरताना साहेब म्हणाले, "नळ मोकळा, झडप हललेली नाही, शेजारून गळती नाही. उद्या तुमच्या यंत्रानं नळाची ओढ मोजू. चांगली निघाली तर तुमचे वडील सुटले. मग उरते बाईंच्या सुनेच्या हातातली गच्चीची किल्ली. तिला मी उद्याच घेऊन जाईन. ओढ वाईट निघाली तर खोटं पत्र दिलं म्हणून तुमच्या वडिलांवर खटला."

"आज बाईंच्या वह्या नेऊ का?" मी विचारलं.

"न्या. हवापाण्याच्या नोंदी आहेत नुसत्या."

५

खरोखर हवापाण्याच्याच होत्या. सकाळचं तापमान, दुपारचं तापमान, वारा, ढग. शेवटच्या वहीत दोन महिन्यांपासून एक रकाना वाढला होता: 'डोकं'. त्यात तीनच शब्द वापरलेले: ठीक, जड, फार जड.

मी वार मांडले. सोमवार ठीक. मंगळवार जड. बुधवार ठीक. गुरुवार जड. शनिवार फार जड. आठ आठवडे, चोवीस जड दिवस, आणि चोवीसही डब्यांचे. तळणाच्या दिवसांचे. पंख्याचे.

गरम हवा हलकी असते. ती नळातून वर चढते आणि तिच्या जागी खोलीतली हवा शेगडीत शिरते. हीच ओढ. पण खोलीलाही कुठून तरी हवा मिळावी लागते. खिडक्यांना नमदा लावला, आणि पंखा दर मिनिटाला कित्येक पिंपं हवा बाहेर फेकू लागला, की खोली हवेला भुकेली होते. मग ती जिथून मिळेल तिथून ओढते. उघडं भोक एकच उरलेलं असतं: धुरांडं. कोळसा मंद असला, नळ निवत आला असला, की पंखा जिंकतो. धूर वर जायचा तो खाली येतो. पंखा जेवढा जोरात, तेवढा जास्त येतो. आणि डोकं जड झालं की बाई पंखा सुरू ठेवायला सांगत.

पंखा कुणी बसवला, तेही वहीत होतं. 'तळणाचा वास सहन होत नाही असं सांगितलं. सुनेनं पंखा आणला.' त्याआधी तीन पानं: 'थंडी फार. मुलानं खिडक्यांना नमदा लावला.' जे मागितलं ते प्रत्येकानं दिलं होतं.

मग तीन नोंदी सापडल्या. पहिली, मंगळवार: 'डोकं फार जड. धुरांडेवाल्यांना फोन. आले, खिडकी उघडली, कागद पेटवून शेगडीत धरला. ज्योत आत गेली. ओढ चांगली म्हणाले. ते असेपर्यंत डोकं हलकं.' दुसरी तशीच. तिसरी, शनिवार: 'पुन्हा बोलावलं. पुन्हा खिडकी उघडून बघितलं. मी म्हटलं, खिडकी लावून बघा ना एकदा. ते म्हणाले, बाई, धूर तुमच्या डोक्यात आहे, धुरांड्यात नाही. माणूस अनुभवी आहे. माझंच वय झालं असेल.'

त्यानंतर त्यांनी फोन केला नव्हता. पाचव्या दिवशी तो गुरुवार आला.

बाबा अंगणात बसून ब्रशाच्या तारा सरळ करत होते. परवाना नसताना ब्रश कशाला लागतो, हे मी विचारलं नाही.

"बाबा, काम सुरू करताना पहिलं काय करता?"

"पहिलं? खिडकी उघडतो. तीस वर्षं हेच. काजळी उडाली आणि कुणाची चादर काळी झाली, तर चहा सोड, उभं पण करत नाहीत दारात."

"आणि ओढ कधी बघता?"

"ब्रश मारून झाला की. कागद पेटवायचा, धरायचा, ज्योत आत गेली की झालं."

"खिडकी उघडीच असते तेव्हा."

तार सरळ करणारा हात थांबला. बाबा शिकलेले नाहीत, पण हवा त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळते. त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही.

"पंखा होता तिथे?" त्यांनी विचारलं.

"होता."

"मी पाहिलाच नाही गं. मी शेगडी बघायला गेलो होतो." ब्रश त्यांनी भिंतीला टेकवला, तो पडला, त्यांनी उचलला नाही. "म्हातारी म्हणाली होती मला. खिडकी लावून बघा म्हणाली. मला वाटलं, मास्तरीण आहे, शिकवायची खोड आहे."

मी तपासणीपत्राची प्रत पुढे ठेवली. सातवा रकाना: 'सर्व खिडक्या बंद व पंखे सुरू ठेवून ओढ तपासली.' हिरवी खूण.

खूण बाबांची नव्हती. आमच्या प्रयोगशाळेत हिरव्या पेनानं लिहायची पद्धत आहे. सुट्टीच्या दिवशी बाबा कोऱ्या पत्रांचा गठ्ठा घेऊन बसत आणि म्हणत, पोरी, तुझं अक्षर बरं, मारून ठेव सगळ्यांवर खुणा, मला तेवढा वेळ वाचतो. मी शाळेत होते तेव्हापासून मारत आले. प्रत्येक रकान्यात काय लिहिलंय हे मी एकदाच वाचलं होतं, दहा वर्षांची असताना.

"उद्या काय करणार?" बाबांनी विचारलं.

मी प्रत उचलून घडी घातली. ते उठून आत गेले, आणि आतून म्हणाले, "खिडकी आधी उघड. कपडे खराब होतील तुझे." सवयीनं म्हणाले की मुद्दाम, ते त्यांना तरी माहीत होतं की नाही कोण जाणे.

६

दुसऱ्या दिवशी सगळे आले: साहेब, मुलगा, सून, घड्याळजी. बाबा जिन्यात उभे राहिले. त्यांना कुणी आत बोलावलं नाही.

त्या गुरुवारी होता तेवढाच कोळसा मी शेगडीत घातला, दुपारी अडीचला असावा तेवढा मंद होऊ दिला. यंत्राची एक रबरी नळी शेगडीमागच्या भोकात बसवली, दुसरी खोलीत मोकळी सोडली. वायू मोजायचा मीटर वेताच्या खुर्चीवर ठेवला, बाईंच्या डोक्याच्या उंचीवर. त्याचा आकडा पस्तीसवर गेला की तिथे बसून राहणं धोक्याचं.

शेगडीजवळची खिडकी उघडी होती. सकाळी आल्या आल्या मीच उघडली होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. आकडा स्थिर झाला. साहेबांनी वाकून वाचला. "उणे नऊ."

"उणे म्हणजे चांगलं. नळ खोलीतून हवा ओढतोय. अधिक आलं तर उलटं, धूर खोलीत," मी म्हटलं.

"किती लागते?"

"पाच पुरते."

"म्हणजे उत्तम." साहेबांनी वहीत लिहिलं, टोपण लावलं आणि सुनेकडे बघितलं. "तुम्हाला माझ्याबरोबर यावं लागेल."

सुनेनं पदराला हात पुसले, कोरडे होते तरी. मुलगा म्हणाला, "मला वाटलंच होतं," आणि तिच्यापासून एक पाऊल बाजूला झाला. चाळीस दिवस उशाशी बसलेल्या बायकोपासून एक पाऊल.

"साहेब, झालं नाही अजून," मी म्हटलं.

"आकडा मी वाचलाय."

"सातवा रकाना वाचा. त्यातली खूण माझ्या हातची आहे. न बघता मारलेली. घरी बसून."

त्यांनी पत्र काढलं. बराच वेळ वाचत होते, एवढा वेळ लागणारं त्यात काही नव्हतं. जिन्यात बाबा खोकले.

मी खिडकी लावली. कडी सरकवताना माझा अंगठा काळा झाला. दुसरी बंदच होती. मग स्वयंपाकघरातला पंखा सुरू केला. वर घड्याळजींच्या खोलीत कुठलं तरी भांडं किणकिणू लागलं. सगळ्यांना बाहेर काढून मी जिन्याकडचं दार ओढून घेतलं. दाराला काच होती. साहेब काचेला कपाळ लावून आतले आकडे मोठ्यानं वाचू लागले, आणि मी लिहू लागले. सून माझ्या मागे उभी होती. तिच्या मागे, दोन पायऱ्या खाली, बाबा.

खिडकी उघडी, पंखा बंद: उणे नऊ पास्कल.

खिडक्या बंद, पंखा सुरू: अधिक चार पास्कल.

खुर्चीच्या उंचीवर कार्बन मोनॉक्साईड, अकराव्या मिनिटाला: दशलक्ष भागांत तीनशे चाळीस.